रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात सगळंच वाढलंय, मग पगार उशिरा का होतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या १०० खाटांच्या रुग्णालयाच्या कार्यकारी मंडळावर तुम्ही नुकतेच आलात. अहवालात लाभार्थी ४८,००० वरून ५२,५०० झालेत, आंतररुग्ण ५,११० वरून ६,०००, बिलिंग ३६५ लाखांवरून ४३८ लाख. डायलिसिस विभाग नवा सुरू झालाय आणि शेवटी १५ लाखांचं आधिक्य आहे. तरी गेले तीन महिने पगार दहा-बारा दिवस उशिरा होतायत. अहवाल खोटा आहे का, असं तुम्ही विचारलंय.

बहुतेक नसावा. मी बावीस वर्षं अशाच एका रुग्णालयाच्या हिशेब खात्यात काढली आणि त्यातले चौदा अहवाल माझ्याच हातचे आहेत. त्यात एकही आकडा खोटा नव्हता. फक्त कुठला आकडा कशानं भागायचा आणि कुठला न भागताच छापायचा, हे मी ठरवायचो. सगळी मेख तिथंच. म्हणून तुमचा अहवाल वाचताना प्रत्येक आकड्याखालचा भाजक शोधत चला.

आधी लाभार्थी. ४,५०० ची वाढ छान दिसते. पण तुम्हीच लिहिलंय की डायलिसिसला २० रुग्ण कायमचे आहेत. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून तीनदा येतो, वर्षात १५६ वेळा. वीस जणांच्या ३,१२० फेऱ्या झाल्या, आणि अहवालात प्रत्येक फेरी म्हणजे एक लाभार्थी. आंतररुग्णांतली वाढ ८९०. राहिले ४९०, तेवढीच काय ती ओपीडीची वाढ. म्हणजे 'साडेचार हजार नवे लाभार्थी' यातले ३,१२० म्हणजे तीच वीस माणसं, त्याच खुर्च्यांवर, चार-चार तास. त्या सेवेची किंमत यानं कमी होत नाही, उलट मला तर तो विभाग अभिमानानं मिरवावा असाच वाटतो. पण 'फेऱ्या' आणि 'माणसं' हे दोन वेगळे रकाने हवेत.

आता आंतररुग्ण. ८९० ने वाढले, म्हणजे साधारण १७ टक्के. परिशिष्टात सरासरी मुक्काम पाच दिवसांवरून चार दिवसांवर आलाय, तो मुख्य पानावर कुणी आणला नाही. गुणाकार करून बघा. गेल्या वर्षी ५,११० गुणिले ५ म्हणजे २५,५५० खाटा-दिवस. यंदा ६,००० गुणिले ४ म्हणजे २४,०००. शंभर खाटांचे वर्षाचे ३६,५०० खाटा-दिवस होतात. म्हणजे ऑक्युपन्सी, खाटा भरलेल्या असण्याचं प्रमाण, ७० टक्क्यांवरून ६६ च्या आत आली. रुग्ण वाढले आणि खाटा जास्त रिकाम्या राहिल्या, दोन्ही खरं आहे.

मुक्काम कमी होणं चांगलंही असू शकतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया वाढल्या की माणूस लवकर घरी जातो. पैसे पॅकेजने मिळत असतील, म्हणजे एका शस्त्रक्रियेचे ठरावीक, तर रुग्णालयाचाही फायदाच. दिवसाच्या हिशेबाने मिळत असतील तर मात्र तोटा. आणि घाईनं घरी पाठवलं असेल तर तो रुग्ण आठ दिवसांत परत येतो आणि अहवालात पुन्हा 'नवा आंतररुग्ण' म्हणून मोजला जातो! तेव्हा डिस्चार्जनंतर तीस दिवसांत किती जण परत दाखल झाले, हे जरूर विचारा. हा आकडा कुठल्याही अहवालात सहसा नसतो, मी लिहिलेल्यांतही नव्हता. शंभर वर्षांपूर्वी बोस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाच्या शल्यचिकित्सकानं १९११ ते १९१६ या काळात स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांमागे झालेल्या १२३ चुका मोजल्या आणि छापून टाकल्या. ही नेट एखाद्याकडेच असते, पण निदान मोजायला तरी काय हरकत आहे?

शंभर खाटांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या शंभर खरंच आहेत का, हे जाऊन बघा. आमच्याकडे कागदावर ८० होत्या. त्यातल्या दहा वरच्या मजल्यावर, सिस्टर मिळेनात म्हणून बंद ठेवलेल्या वॉर्डात. गाद्या गुंडाळून बांधलेल्या, सलाईनचे स्टँड कोपऱ्यात एकमेकांत अडकलेले, आणि खिडकीजवळच्या खाटेवर जुन्या केसपेपरांचे गठ्ठे. रोज सरासरी ५६ रुग्ण असायचे. ८० ने भागलं की ऑक्युपन्सी ७० टक्के, ७० ने भागलं की ८० टक्के. विस्तारासाठी देणग्या मागायच्या असल्या की आम्ही ७० ने भागायचो. मेट्रननं सिस्टर वाढवून मागितल्या की ८० ने.

ते ५६ तरी कुठून यायचे? रात्री बाराच्या सेन्ससमधून. प्रत्येक वॉर्डची सिस्टर मध्यरात्री वहीत डोकी मोजून लिहिते. सकाळी आठला मोतीबिंदूसाठी येऊन चारला गेलेला माणूस त्या वहीत येतच नाही. त्यामुळे डे-केअरची कामं जसजशी वाढतात तसतसा सेन्सस रुग्णालय रिकामं दाखवायला लागतो, आणि सकाळी अकराला मात्र एकही खाट मिळत नाही. तुमच्याकडे नेमकं हेच होत असेल तर ६६ टक्के वाचून दचकू नका.

उलट बाजूनंही सांगतो, कारण मंडळावरची माणसं ऑक्युपन्सी शंभराकडे न्यायला बघतात. १९९९ मध्ये ब्रिटनच्या काही संशोधकांनी तातडीनं दाखल होणाऱ्या रुग्णांचं गणिती प्रारूप मांडून दाखवलं होतं की सरासरी ८५ टक्क्यांच्या पुढे धोका जाणवायला लागतो आणि ९० च्या पुढे खाटा वारंवार कमी पडतात. रुग्ण काही वेळापत्रकानं आजारी पडत नाहीत. थोड्या खाटा मोकळ्या असणं हा रुग्णालयाच्या कामाचाच भाग आहे, त्याला उधळपट्टी म्हणू नये.

भाजकाची ही भानगड फार जुनी आहे. १८६३ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयांवर लिहिताना संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या आकड्यांचा एक तक्ता छापला. त्यात लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर ९०.८४ टक्के! म्हणजे शंभर जण आत गेले तर नऊच परत आले, असं वाचणाऱ्याला वाटणार. डॉक्टर मंडळी खवळली, आणि बरोबरच होतं. वर्षभरातले मृत्यू एका ठरावीक दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णांच्या संख्येनं भागले होते. वर्षात दाखल झालेल्या सगळ्यांनी भागले असते तर दर कितीतरी खाली आला असता. आणि सगळ्या रुग्णालयांनी आकडे एकाच पद्धतीनं ठेवावेत म्हणून आग्रह धरणाऱ्याही याच बाई होत्या.

असो, पगाराकडे येतो. तिथं भाजक हा 'दिवस' आहे.

बिलिंग ३६५ लाख होतं, म्हणजे रोजचं एक लाख. ताळेबंदात येणे बाकी ६० लाख दाखवलीय, म्हणजे ६० दिवसांची बिलं वसूल व्हायची होती. यंदा रोजचं बिल १.२ लाख आणि येणे बाकी १०८ लाख, म्हणजे ९० दिवसांची. बिलिंग वाढलं ७३ लाखांनी, त्यातले ४८ लाख अजून विमा कंपन्या आणि सरकारी योजनांकडेच अडकलेत. तुमच्या रुग्णालयाची बहुतेक वाढ कागदावर झालीय, बँकेत नाही.

हे असं का झालं असेल त्याचा अंदाज तुमच्या अहवालातच आहे. डायलिसिसचे रुग्ण क्वचितच रोख देतात, त्यांचे पैसे योजनेतून किंवा विम्यातून येतात, आणि ते यायला वेळ लागतो. खर्च मात्र त्याच दिवशी होतो. प्रत्येक वेळी रक्त गाळणारा डायलायझर, ट्यूबिंग आणि शुद्ध केलेलं पाणी लागतं. यंत्रातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव वाहतो, चार तासांत १२० लिटर. त्यासाठी पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट, त्याचे फिल्टर, वीज आणि प्रशिक्षित टेक्निशियन. बहुतेक नव्या सेवांचं पहिलं वर्ष असंच असतं, बिलं जोरात आणि गल्ला रिकामा. त्यात क्लेमला कपात लागते ती वेगळीच. एक सही राहिली, एक रिपोर्ट जोडला नाही, की टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडून, शंका येते आणि फाईल महिनाभर तशीच पडून राहते. आमच्याकडे एका वर्षी सगळ्यात जास्त कपात कशामुळे झाली, माहितीय? डिस्चार्ज कार्डावर वेळ लिहिलेली नसायची. तारीख असायची, वेळ नाही. एक मुलगी फक्त फाईली तपासायला नेमली, तिचा वर्षाचा पगार पहिल्या दोन महिन्यांत वसूल झाला.

आता ते १५ लाखांचं आधिक्य. त्याच पानावर उत्पन्नात ४० लाखांच्या देणग्या धरल्यात, आणि तुम्ही म्हणता त्या डायलिसिस यंत्रांसाठी आल्या होत्या. ठरावीक कामासाठी आलेली देणगी त्या कामाच्या निधीत जायला हवी, रोजच्या उत्पन्नात नव्हे. तुमच्या सीएंना हे विचारा. ती बाजूला काढली तर रोजच्या कामकाजात २५ लाखांची तूट आहे. रोकड धरून बघा: आधिक्य १५, त्यात घसारा, म्हणजे यंत्रं-इमारतींची झीज म्हणून दाखवलेला खर्च, २० मिळवा कारण त्याचे पैसे कुणाला दिलेले नसतात, झाले ३५. येणे बाकी ४८ नी वाढली ती वजा, उणे १३. देणगीचे ४० यंत्रांत गेले, उणे ५३. हे ५३ लाख कुठून तरी आलेच असणार. मागची शिल्लक बघा, औषधांच्या सप्लायरांचं देणं किती वाढलं ते बघा. ते दोन्ही संपलं की पुढचा नंबर पगाराचा लागतो. तुम्हाला तीन महिने दिसतंय ते हेच.

देणगीच्या यंत्राबद्दल एक अनुभव. आम्हाला एका दात्यानं सीटी स्कॅन दिलं होतं, दारावर संगमरवरी पाटी. घसारा लावायचो कागदावर, पण तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिसऱ्या वर्षी त्याची एक्स-रे ट्यूब गेली. ट्यूब ही झिजणारीच वस्तू असते, आणि ती स्वस्त नसते. पाच महिने यंत्र पांढऱ्या चादरीखाली झाकून होतं. त्याच वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर त्याचा रंगीत फोटो होता. तो मीच निवडला होता.

मोफत उपचारांच्या रकमेचंही एका ओळीत सांगतो: ती दरपत्रकाच्या भावानं मोजलीय की प्रत्यक्ष खर्चानं, ते विचारा. दरपत्रक वाढवलं की दानधर्म आपोआप वाढतो!

पुढच्या सभेआधी तुम्ही तीन कागद मागा. येणे बाकी किती दिवसांची आणि कुणाकडे, त्याची यादी. देणग्या वगळून उत्पन्न-खर्च पत्रक. आणि वॉर्डनिहाय खरोखर चालू असलेल्या खाटा. पण हे भर सभेत विचारू नका. आधी लेखाधिकाऱ्याला त्याच्या टेबलाशी जाऊन भेटा, दार लोटून घ्या आणि पगार कुठल्या पैशातून काढताय एवढंच विचारा. त्याला सगळं ठाऊक असतं, आणि कुणी विचारेल म्हणून तो बहुधा वाटही बघत असतो. मला एकदा एका नव्या सदस्यानं हेच सगळ्यांसमोर विचारलं होतं. मी उभं राहून पंधरा मिनिटं त्या अहवालाची बाजू लढवली, टाळ्याही मिळाल्या. पुढच्या महिन्याचा पगार चौदा तारखेला झाला.