वाचकांचे प्रश्न: जिलाँग येत्या सीझनला कशी खेळेल?

मागच्या अंकात ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या 2025 च्या ग्रँड फायनलवर लिहिलं होतं, ब्रिस्बेननं जिलाँगला 122-75 असं हरवलं ती मॅच. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून प्रश्न आलेत आणि बहुतेक सगळ्यांचा रोख एकच, 2026 ला जिलाँग काय करणार. ज्यांना खेळच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: लांबट बॉल, क्रिकेटचंच ओव्हल मैदान, एका टीमचे 18 जण, ऑफसाइड नाही. मधल्या दोन उंच खांबांमधून किक गेली की 6 पॉइंट, बाजूच्या छोट्या खांबांमधून गेली तर 1. बॉल हातानं फेकायचा नाही, मुठीनं मारायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. आणि 15 मीटर किंवा जास्त लांबून आलेली किक हवेत पकडली की मार्क, मग पुढची किक निवांत मारता येते, कोणी अंगावर येऊ शकत नाही. एवढं माहीत असलं तरी खालचं सगळं समजेल.

प्रश्न: सर, माझी मुलगी जिलाँगला डीकिन युनिव्हर्सिटीत शिकते, तिच्यामुळे आम्ही घरचे सगळे जिलाँगवाले झालो. फायनलला 47 पॉइंटनी मार खाल्ला, आता कोच सगळं बदलून टाकेल का?
एक वाचक, शिरपूर

दादा, सगळं बदलणार नाही, आणि बदलू नये असंच मला मनापासून वाटतं.

क्रिस स्कॉट 2011 पासून तिथे कोच आहे, पहिल्याच वर्षी ट्रॉफी जिंकला, नंतर 2022 ला परत, आणि एवढ्या वर्षांत फक्त 2015 आणि 2023 ला टीम फायनल्समध्ये, म्हणजे लीग संपल्यावरच्या शेवटच्या फेऱ्यांत, पोचली नाही. असा माणूस एका मॅचवरून घाबरून काही करत नाही. पण तो हट्टी पण नाही, हे 2021 ला दिसलं. त्या वर्षी प्रिलिमिनरी फायनलला, म्हणजे आपली सेमीफायनल समजा, पर्थला मेलबर्न टीमनं त्यांना 83 पॉइंटनी धुतलं होतं. तेव्हा जिलाँग फार सांभाळून खेळायची, छोटी किक, मार्क, थांबा, इकडे तिकडे बघा, परत छोटी किक, आणि तेवढ्या वेळात समोरची पूर्ण टीम मागे जाऊन गोलसमोर गर्दी करून बसायची. पुढच्या वर्षी स्कॉटनं ते सोडलं, बॉल हातात आला की लगेच पुढे, जमेल तिथे मैदानाच्या मधून, आणि 2022 ची फायनल सिडनीविरुद्ध 81 पॉइंटनी जिंकली. म्हणजे पद्धतच चुकत असेल तर तो ती मुळापासून बदलतो.

मग 2025 ला पद्धत चुकली होती का? माझ्या मते नाही. याच ब्रिस्बेनला याच एमसीजीवर तीनच आठवडे आधी क्वालिफाइंग फायनलला, म्हणजे त्या शेवटच्या फेऱ्यांतल्या पहिल्या आठवड्याला, जिलाँगनं 38 पॉइंटनी हरवलं होतं, तीच टीम, तोच कोच, तेच डावपेच. फरक पडला तो माणसांमुळे. मागची फळी सांभाळणारा टॉम स्टुअर्ट डोक्याला मार लागल्यामुळे कन्कशनच्या नियमात बाहेर बसला होता, जेरेमी कॅमरनचा हात मॅच चालू असताना मोडला, आणि ब्रिस्बेनकडून लॅकी नील दुखापतीतून परत येऊन सब, म्हणजे बदली खेळाडू, म्हणून उतरला आणि मॅच फिरवून गेला. ब्रिस्बेन मार्कवर मार्क घेत बॉल स्वतःकडेच ठेवत राहिली, जिलाँगला तो हिसकावून पळायची संधीच मिळेना, आणि जिलाँगचा अर्धा जीव तर हिसकावून पळण्यातच आहे. त्यामुळे स्टुअर्ट आणि कॅमरन परत आले की पाया तोच राहील असं माझं म्हणणं आहे.

पण एक गोष्ट बदलेल, आणि ती त्या पराभवामुळे नाही तर नव्या नियमामुळे. हा भाग जरा नीट वाचा, 2026 चा खरा खेळ इथेच आहे.

आतापर्यंत काय व्हायचं ते बघा. मागच्या बाजूला एका डिफेंडरनं मार्क घेतला, समोर बघतो तर मध्ये कोणी मोकळं नाही. मग तो बाउंडरीच्या कडेकडेनं पन्नास मीटरची उंच किक मारणार, तिथे दोन्ही टीमचे तीन-चार उंच जण आधीच उभे, सगळे एकदम उडी मारणार, कोणाच्याच हातात धड येणार नाही, बॉल खाली पडणार, कोणीतरी घाईत पायानं ढकलणार आणि टप्पा खात रेषेबाहेर. मग बाउंडरी अंपायर मैदानाकडे पाठ करून डोक्यावरून बॉल मागे उडवणार आणि परत झोंबाझोंबी सुरू. यात गमावण्यासारखं काही नव्हतं, उलट दम खायला वेळ मिळायचा. आपल्याकडे पावसात काळ्या रानातून न जाता बांधाबांधानं जातात ना, वाट लांबची पण पाय फसत नाही, तसा हा हिशोब होता.

2026 पासून दोन्ही बाजूंना गोलपासून 50 मीटरवर आखलेल्या कमानींच्या मधल्या पट्ट्यात ज्यानं शेवटची किक किंवा हँडबॉल मारून बॉल बाहेर घालवला, त्याच्याविरुद्ध सरळ फ्री किक. मध्ये कोणाचा हात-बित लागून गेला तर जुनीच पद्धत, अंपायर आत फेकणार. पण स्वच्छ मारलेला बॉल बाहेर गेला की समोरच्याला फुकटात मिळणार, आणि तो काही थांबून विचार करत बसणार नाही, लगेच उचलून उलटा हल्ला करेल. कडेची किक एका नियमात धोक्याची झाली.

आता हे जिलाँगला बाकीच्यांपेक्षा जास्त का लागू? मैदानामुळे. त्यांचं घरचं ग्राउंड कार्डिनिया पार्क, क्रिकेटवाल्यांना आठवत असेल, 2022 च्या टी-20 वर्ल्ड कपला पहिल्याच दिवशी नामिबियानं श्रीलंकेला जिथे हरवलं तेच. ते लांबीला साधारण 170 मीटर पण रुंदीला फक्त 115 च्या आसपास. एमसीजी साधारण 160 बाय 141. म्हणजे कार्डिनियावर मैदानाच्या बरोबर मधून बाउंडरी जेमतेम 57-58 मीटर, एक दणकून मारलेली किक आणि बॉल रेषेवर. पाहुणी टीम मोठ्या मैदानाच्या अंदाजानं खेळायला जाईल आणि बॉल बाहेर घालवत बसेल, जिलाँगच्या पोरांना मात्र ती रेष कुठे आहे ते न बघता कळतं. म्हणून माझा पहिला अंदाज असा की घरच्या मॅचमध्ये जिलाँग समोरच्याला मुद्दाम कडेला ढकलेल, मधली वाट माणसं लावून बंद करेल आणि कडेची वाट उघडी ठेवेल, जा म्हणे तिकडून.

दुसरा अंदाज उलट्या बाजूचा. ग्रँड फायनल एमसीजीवरच असते, त्यामुळे शेवटी जिंकायचं तर त्या रुंद मैदानावर जिंकावं लागतं, आणि तिथे स्वतःला मधून खेळता आलंच पाहिजे. मॅक्स होम्स आणि बेली स्मिथ हे दोघं पळण्यात कोणाला ऐकत नाहीत, त्यांना मागून पळत पळत हँडबॉल घ्यायला लावतील, डिफेंडरनं लांब किक मारायच्या ऐवजी आधी दोन हँडबॉल, मग किक. यात मध्येच बॉल गेला तर थेट आपल्या गोलसमोर संकट, हे खरंय, पण कडेची वाट आता तितकी सुरक्षित उरलेली नाही, त्यामुळे हा धोका पत्करावा लागेल. साउथ ऑस्ट्रेलियाच्या एसएएनएफएल लीगमध्ये हा बाहेर जाण्याचा नियम 2016 पासून आहे, म्हणजे ॲडलेडकडच्या क्लबांना त्याची सवय आहे, सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांना थोडा फायदा होईल असं वाटतं.

मुलीला सांगा कार्डिनियावर एक मॅच तरी बघून ये, टीव्हीवर ती रुंदी कळत नाही.

प्रश्न: सब बंद करून बेंचवर पाच खेळाडू केलेत म्हणे. मग मोठ्या अंगाचा एक जास्त रकमन (अंपायरनं उडवलेल्या बॉलसाठी उडी मारणारा उंच खेळाडू) घेतील का पळणारा एक जास्त? आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज भांडण चालूये.
कॉलेजचा विद्यार्थी, चोपडा

आधी चार जण अदलाबदलीचे आणि पाचवा सब, जो एकदाच आत यायचा आणि ज्याच्या जागी आला तो कायमचा बाहेर. आता पाचही जण आत-बाहेर करू शकतात, पण एका मॅचमध्ये एकूण बदल 75 च. म्हणजे माणूस वाढला, फेऱ्या तेवढ्याच. त्यामुळे पाचवा पळणारा घेऊन सगळ्यांना जास्त विश्रांती मिळेल हे म्हणणं अर्धंच खरं आहे.

मला वाटतं बाकीच्या बऱ्याच टीम दुसरा रकमन घेतील, कारण सेंटरचा, म्हणजे मैदानाच्या मधून खेळ सुरू करायचा नियम पण बदललाय. अंपायर आता बॉल जमिनीवर आपटून उडवणार नाही, सरळ हातानं वर फेकणार, आणि रकमनला मधली रेष ओलांडून समोरच्याला छातीनं रेटता येणार नाही, उडी मारूनच बॉल काढायचा. म्हणजे जाड्या, वजनदार रकमनचे दिवस जरा कठीण, आणि उडी असलेल्याचे चांगले. जिलाँगकडे इथे सोय आहे. मार्क ब्लिकाव्स मूळचा स्टीपलचेसचा धावपटू, रक पण खेळतो, मागे पण खेळतो, मिडफिल्डला पण खेळून झालाय. सॅम डी कोनिंग डिफेंडर आहे पण त्यालाही रकमध्ये वापरलंय. असे दोन जण असताना बेंचची जागा निव्वळ रकमनवर घालवायची गरज त्यांना नाही. तेव्हा जिलाँगपुरतं विचारशील तर पळणारा. ग्रुपमध्ये सांग, दोन्ही बाजू बरोबर आहेत, फक्त टीम वेगळ्या.

प्रश्न: कॅमरन परत पहिल्यासारखा खेळेल का? आमच्याकडे कबड्डीत एकदा हात मोडलेला रेडर परत आला तरी मनातून धजत नाही.
कबड्डी कोच, साक्री

कोच साहेब, तुमचा मुद्दा मला एकदम पटला, कारण कॅमरनचा खेळच हवेत हात वर करून बॉल पकडायचा आहे आणि पाठीमागून दोघं-तिघं अंगावर येणार हे माहीत असताना पकडायचा आहे. एप्रिलमध्ये तो 33 चा होईल. हाड जुळतं, डॉक्टर सोडतात, पण पहिल्या काही मॅचमध्ये तो गर्दीत उडी मारतो का मोकळ्या जागेत पळून मार्क घेतो यावरून कळेल. त्याचं एक बरंय, तो कधीच नुसता गोलसमोर उभा राहणारा नव्हता, एवढा उंच असून बाजूला लांब पळतो आणि डाव्या पायानं पन्नास मीटरवरून गोल मारतो. त्यामुळे मला वाटतं सुरुवातीला त्याला गोलपासून जरा लांब खेळवतील आणि गर्दीतली कामं शॅनन नीलला देतील, तो उंच आहे, तरुण आहे. पॅट्रिक डेंजरफिल्ड 2025 ला बराचसा पुढेच खेळला आणि त्याच्या वयाला ते मानवतं, तेही चालू राहील. पण खरं सांगायचं तर कॅमरनची बदली अशी नसतेच, तो बाहेर असेल तेव्हा गोल चार-पाच जणांत वाटून घ्यावे लागतात आणि मग टायसन स्टेंगल, शॉन मॅनाग यांच्यासारख्या छोट्या फॉरवर्डनी खाली पडलेला बॉल उचलण्यावर सगळं येतं.

तुमच्या रेडरला आधी सरावात पकडू द्या, मुद्दाम, हळूहळू, एकदम मॅचला सोडू नका. तिकडे पण असंच करतात.

प्रश्न: सीझनच्या आधीच्या प्रॅक्टिस मॅचवरून डावपेच ओळखता येतात का?
निवृत्त क्रीडाशिक्षिका, भुसावळ

ताई, स्कोअरवरून काहीच नाही, मोठे खेळाडू अर्धीच मॅच खेळतात. बघायचं ते एवढंच की कोण कुठे उभा आहे, आणि डिफेंडरला बॉल मिळाल्यावर त्याची पहिली नजर कुठे जाते. आधी कडेला बघत होता आणि आता मध्ये बघतोय, तर आपल्या हिवाळाभर त्यांना हेच शिकवलंय असं समजा. तुम्ही मैदानावर आयुष्य काढलंय, तुम्हाला हे आमच्याआधी दिसेल.

प्रश्न: मॅच आपल्याकडे किती वाजता असतात? दुकान सांभाळून बघायच्यात.
एक वाचक, शहादा

मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, पण एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच तास, कारण तोपर्यंत तिकडे घड्याळ एक तास पुढे ठेवतात. म्हणजे तिकडची साडेसातची संध्याकाळची मॅच मार्चमध्ये आपल्या दुपारी दोनला आणि नंतर तीनला. शनिवारी दुपारच्या मॅच आपल्या सकाळी पडतात. 2025 ची ग्रँड फायनल तिकडे अडीचला सुरू झाली, आपल्याकडे सकाळचे दहा. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मार्चमधल्या संध्याकाळच्या मॅच तुम्हाला बरोबर जमतील. फक्त त्यात कार्डिनिया पार्कवरची असेल ती सोडू नका, आणि पहिल्या क्वार्टरला बॉल कोण बाहेर घालवतंय ते मोजा. पाहुणेच जास्त घालवत असतील तर आमचा अंदाज जागेवर आहे, जिलाँगच घालवत असेल तर लिहून कळवा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.