विचारा, सांगतो : दशावतार, सिंधुदुर्ग आणि रापण

प्रश्न : आमच्या मंडळाला यंदा मालवणकडचा दशावतार गल्लीत आणायचा आहे. भाषा आपल्या लोकांना कळेल का? तयारी काय करावी लागते?
— मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : भाषेची काळजी नको. मालवणीत बोलतो तो मुख्यतः संकासुर, म्हणजे सुरुवातीला येणारा विनोदी राक्षस. आख्यान, म्हणजे मुख्य पौराणिक कथा, सुरू झालं की राजा, राणी, ऋषी सगळे छापील, भारदस्त मराठीवर येतात.

खरी अडचण वेळेची. जत्रेतलं नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटे दहीहंडी फोडून संपतं. शहरात दहाला लाऊडस्पीकर बंद, सवलतीच्या मोजक्या दिवशी फार तर बाराला. तेव्हा सुपारी देतानाच दशावतार कंपनीच्या मालकांशी अडीच-तीन तासांचं नाटक ठरवा आणि सातला सुरू करा. मात्र गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर असलेला आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा पूर्वरंग, गाळायला सांगू नका. आटोपशीर करता येतो. गाळलात तर उरेल ते नुसतं पौराणिक नाटक, आणि त्यासाठी घाटाखालून माणसं बोलवायची गरज नाही.

मांडव सांगण्याआधी तारीख मिळवा. कार्तिकापासून कोकणात जत्रा लागतात, कंपन्यांची देवळं ठरलेली असतात. त्या रात्री कुणी तुमच्याकडे येणार नाही.

नेपथ्याचा खर्च नाही. मागे पडदा आणि एक लाकडी बाक, तेच सिंहासन नि तोच पर्वत. बाक दणकट हवा, कारण नट त्यावर चढून लढतात. प्लास्टिकच्या खुर्च्या चालत नाहीत. नाच अनवाणी असतो, म्हणून स्टेजच्या फळ्यांचे खिळे ठोकून घ्या आणि सतरंजी ताणून बांधा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते वादकांच्या जागेवरून. संवाद लिहिलेले नसतात, आयत्या वेळी सुचतात. पखवाजवाला नटाच्या पावलाकडे बघून वाजवतो आणि हार्मोनियमवाले बुवा त्याचा रोख पाहून सूर धरतात. त्यांना स्टेजखाली किंवा पडद्याआड बसवलं की ताल तुटलाच. स्टेजवरच एका बाजूला बसवा, झांज मात्र माईकपासून लांब. नाहीतर मागच्या रांगेला शब्द ऐकू येत नाहीत.

रंगरंगोटी ज्याची तो करतो. चांगला उजेड, पाणी, आणि पेटाऱ्यासाठी स्वच्छ कोपरा लागतो. पूजेला नारळ ठेवा. फोंडा घाट चढून गाडी येणार, म्हणून मंडळींना चारपर्यंत पोचायला सांगा. धूर-दिव्यांचे ट्रिकसीन सध्या चालतात खरे, पण पहिल्या खेपेला साधंच नाटक घ्या.

प्रश्न : सिंधुदुर्ग किल्ला कोल्हापूरच्या गादीकडे होता, हे खरं का?
— शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : खरं. मालवणजवळच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये बांधकाम सुरू केलं. पुढे सातारा आणि कोल्हापूर वेगळे झाल्यावर किल्ला कोल्हापूरकडे आला. 1765 मध्ये इंग्रजांनी तो घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, पण लवकरच खंडणी घेऊन परत केला. आपल्या जहाजांना मालवणच्या गलबतांचा उपद्रव होतो, ही त्यांची जुनी तक्रार होती. अखेर 1812 च्या तहात मालवण बंदरासह किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला.

प्रश्न : रापण ओढताना पाहायची आहे. कधी जावं?
— राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. जायचं ते पावसाळा संपून समुद्र शांत झाला की. घड्याळाची वेळ नसते. मासळीचा थवा किनाऱ्याजवळ दिसला की होडी निघते. एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळात जाळं टाकत दुसऱ्या टोकाला येते, मग दोन्हीकडून माणसं दोर ओढतात. दोन्ही बाजू सारख्याच वेगाने आल्या पाहिजेत. एक पुढे गेली तर जाळं तिरकं होतं, खालची वजनाची कड वाळूवरून उचलली जाते आणि बांगडा, तारली तिथूनच निसटते. खडकावर जाळं फाटतं, म्हणून रापण वाळूच्या किनाऱ्यावरच लागते. मालवणात दांडीला, नाहीतर पुढे तारकर्लीला पहा. ताणलेल्या दोरावरून उडी मारून जाऊ नका. हात लावायचा तर विचारून, शेवटच्या माणसामागे उभं राहून.