दोन वर्षांसाठी का होईना, घर पुरतं लाव

ऐरोलीहून तू विचारलंस की नवऱ्याची बदली जर्मनीत स्टुटगार्टला झाली आहे, ऑक्टोबरात निघायचं आहे, लेक पाच वर्षांची आहे आणि करार दोन वर्षांचा. सामान काय न्यायचं, घर कसं मिळवायचं, तिथे करमावं म्हणून काय करायचं आणि ऐरोलीचा फ्लॅट बंद ठेवायचा की भाड्याने द्यायचा, हे तुझे प्रश्न. तू मला ताई म्हणालीस, तेव्हा मीही तुला ‘तू’च म्हणते. मी ठाण्याच्या नौपाड्यात वाढले, लग्न करून स्टुटगार्टला गेले आणि तिथलीच झाले. सध्या गणपतीला माहेरी आले आहे, म्हणून सवडीने लिहिते.

आधी तुझ्या एका वाक्याबद्दल. ‘दोनच वर्षांचा प्रश्न आहे, कसंतरी भागवून घेऊ.’ तसं करू नकोस गं. कसंतरी भागवणारी मराठी घरं मी तिथे खूप पाहिली आहेत. गादी जमिनीवर, खिडकीला पडद्याऐवजी चादर, चार ताटल्या आणि कोपऱ्यात अर्धवट उघडलेल्या बॅगा. करार वाढतो, मूल शाळेत रमतं, वर्षं सरतात, आणि घर मात्र उद्या निघायचं असल्यासारखंच राहतं. त्या घरांतली माणसं थकलेली दिसतात. तुझ्या लेकीच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे केवढा मोठा काळ आहे! तिला ते घर तात्पुरतं वाटणारच नाही. तेव्हा दोन वर्षांसाठी का होईना, घर पुरतं लाव.

सुरुवातीचे दोन-तीन महिने सामानासकट मिळणाऱ्या जागेत काढा आणि तिथून स्वतःचं घर शोधा. इथे बसून फोटोंवरून पक्कं करायला जाऊ नका. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कुणालाही एक युरो पाठवायचा नाही. ‘मी परदेशात आहे, पैसे भरा, किल्ली कुरियरने पाठवतो’ म्हणणारे ठग असतात. जाहिरातीत दोन भाडी दिसतील. काल्टमीटे हे नुसत्या जागेचं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा असे खर्च धरून होणारं. घरातली वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा याच्याही बाहेर असतं. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं घेता येतं आणि ते तीन समान हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण पहिल्याच महिन्यात खिसा रिकामा करून बसतात.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला फॉर्म लागतो. तात्पुरत्या जागेचा मालक तो फॉर्म देणार आहे का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. नोंदणी झाली की आयकर क्रमांक टपालाने येतो. त्यामागोमाग रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंही पत्र येतं, घरामागे महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी ती भरावी लागते, तेव्हा ते पत्र जाहिरात समजून टाकू नका.

तिथल्या पत्त्यात ‘बी विंग, ३०२’ असं सहसा काही नसतं. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि तुमचं आडनाव, बस्स. दारावरच्या घंटीला आणि टपालपेटीला आडनाव लावलेलं नसेल तर पत्र परत जातं, आणि बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, शाळेची पत्रं सगळं अजूनही टपालाने येतं. किल्ली हातात पडेल त्याच दिवशी नाव लावा. तुम्हा दोघांची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. इमारतीच्या दारावर आपलं देवनागरीतून आलेलं आडनाव जर्मन आडनावांच्या रांगेत पाहिलं की त्या घराशी पहिलं नातं जुळतं, हे मी मनापासून सांगते.

तिथे बिनसामानाचं घर म्हणजे खरोखरच बिनसामानाचं. पुष्कळ घरांत स्वयंपाकाचा ओटा, सिंक, कपाटंसुद्धा नसतात. आधीचा भाडेकरू ती उचलून घेऊन जातो. छतातून दिव्याच्या नुसत्या वायरी लोंबत असतात. जाणाऱ्या भाडेकरूकडून त्याचं स्वयंपाकघर विकत घेता आलं तर घे, दोन वर्षांसाठी तेच परवडतं. बाकी सामानासाठी झिंडेलफिंगेन आणि लुडविग्सबुर्ग दोन्हीकडे इकिया आहे, पण माझा जीव जुन्या वस्तूंवर. शनिवारी शहराच्या मध्यात कार्ल्सप्लाट्झला जुना बाजार भरतो. लाकडी खुर्च्या, दिवे, चिनी मातीची भांडी तिथे मिळतात. लोक नको असलेल्या चांगल्या वस्तूही घराबाहेर ‘घेऊन जा’ अशी पाटी लावून ठेवतात. त्या घ्यायला लाजू नकोस, तिथे कुणीच लाजत नाही.

घर ताब्यात घेताना मालकाबरोबर फिरून प्रत्येक ओरखडा, प्रत्येक डाग आणि मीटरचे आकडे कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा. सोडताना डिपॉझिट त्याच कागदावर परत मिळतं. भिंतीला खिळे ठोकायला घाबरू नका. फोटो, शेल्फ यांच्यासाठी नेहमीच्या प्रमाणात भोकं पाडणं चालतं, जाताना ती बुजवून द्यायची. रंगही बदलता येतो, मात्र लाल-निळा दिलात तर परत करताना पांढऱ्यासारखा साधा रंग लावून द्यावा लागतो. लेकीच्या खोलीची एक भिंत तिला हव्या त्या रंगाची करा. चार डबे रंग आणि एक शनिवार लागेल, पण त्यानंतर ती खोली तिची होईल.

आता स्वयंपाक. गॅसची शेगडी भाड्याच्या घरांत क्वचितच असते. काचेची सपाट शेगडी असते, साधी विजेची किंवा इंडक्शन. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही आणि खोलगट तवा दोन्हींवर कुचकामी. जांभळी नाक्याला भांडी घ्यायला जाशील तेव्हा पर्समध्ये एक लोहचुंबक ठेव. बुडाला चुंबक घट्ट चिकटला तर ते भांडं इंडक्शनवर चालेल. स्टीलचा तीन लिटरचा कुकर, जाड सपाट तवा, कढई, पोळपाट-लाटणं, चकलीचा सोऱ्या, मिसळणाचा डबा एवढं ने. मिक्सर नेता येतो, कारण तिथेही विजेचा दाब २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे, फक्त पिनसाठी अर्थिंगसकटचा चांगला ॲडाप्टर लागेल. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर मोठा आवाज करायचा नाही, असा तिथला शिरस्ता आहे. इडलीचं वाटण शनिवारी दुपारी उरक. ड्रिल तर रविवारी हातातही घेऊ नका.

खाण्याचं सामान नेताना एक नियम कडक आहे: दूध आणि मांसापासून केलेलं काहीही युरोपीय संघात सामानातून नेता येत नाही. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खव्याचं काहीच नाही. ताजी फळं, झाडं, बिया, कढीपत्ता यांना प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तेही राहू दे. नारळ मात्र चालतो. तुपाचं वाईट वाटून घेऊ नकोस. तिथलं बिनमिठाचं लोणी मंद आचेवर कढवलं की फार सुरेख रवाळ तूप होतं. पोहे, साबुदाणा, कणीक, डाळी भारतीय दुकानांत मिळतात. कोथिंबीर, भेंडी, वांगी तुर्की दुकानांत ताजी असतात. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि भाजणी मात्र घरून ने. फोडणीची काळजी करणारा प्रश्नही तू विचारला आहेस. धुराचे अलार्म झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या पॅसेजमध्ये सक्तीचे आहेत, तेव्हा मिरच्या तळताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी उघडी ठेवली की झालं.

या खिडकीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आपल्याकडच्या माणसांची सगळ्यात मोठी भांडणं मालकाशी यावरूनच होतात. ठाण्यात बुरशी जुलैत येते, तिथे ती डिसेंबरात येते. बाहेर गोठवणारी थंडी, आत हीटिंग, कुकरची वाफ, आंघोळीची वाफ, स्टँडवर वाळत घातलेले कपडे आणि थंडीच्या भीतीने घट्ट लावलेल्या खिडक्या. ही सगळी वाफ थंड भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन पाणी होते आणि कपाटामागे काळे ठिपके उठतात. उपाय सोपा आहे. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं वारा आरपार जाऊ द्यायचा, मग लावून घ्यायच्या. खिडकी दिवसभर तिरपी किलकिली ठेवणं हा उपाय नाही, त्याने भिंती आणखी गार पडतात. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून जरा दूर ठेवायची. इमारतीत खाली कपडे धुण्या-वाळवण्याची खोली असली तर कपडे तिथेच वाळव.

तुम्ही ऑक्टोबरात पोचाल आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातील. डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. पाच वर्षांचं मूल दिवसभर बाहेर राहून आल्यावर पाच वाजता अंधार पाहून रडतं, आणि आईही रडते. तेव्हा पहिल्याच आठवड्यात दिवे आणा. एक पांढरी ट्यूबलाइट नको. प्रत्येक खोलीत दोन-तीन छोटे पिवळे दिवे, एक वाचायच्या खुर्चीशी, एक खिडकीत. घर लावण्यासाठी हाताशी पैसे थोडेच असतील तर ते सोफ्यावर घालू नकोस, दिव्यांवर आणि चांगल्या गाद्यांवर घाल. ऐरोलीच्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलायची वेळ ठरवून टाक. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, त्यामुळे तिथली दुपारी तीन-साडेतीनची वेळ बरी पडते.

स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण तिथल्या जिन्यात तुला जी ओळख मिळेल ती केरवोखेमुळे. त्या भागातल्या बऱ्याच इमारतींत भाडेकरूंनी आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा-पुसायचा असतो, आणि मोठी पाळी आली की प्रवेशद्वार आणि समोरची फरशीही. पाळी आली की दाराला पाटी लटकते. आपल्याकडची माणसं हे ऐकून नाराज होतात, पैसे देऊन करून घेऊ म्हणतात. मी म्हणते, स्वतः कर. बादली घेऊन जिन्यात उभी राहिलीस की वरच्या मजल्यावरच्या आजी थांबतात, ‘ग्र्युस गॉट’ म्हणतात, मुलीचं नाव विचारतात. दुसऱ्या महिन्यात त्या तुझं पार्सल घेऊन ठेवतात. राहायला गेल्यावर चार दिवसांत शेजारच्या घंट्या वाजवून स्वतःहून ओळख करून द्यायची, तिथे नव्याने येणाऱ्यानेच ती द्यायची असते. दिवाळीला डब्यात चिवडा आणि बेसनाचे लाडू दे, आत काजू-शेंगदाणे आहेत हे मात्र आठवणीने सांग.

कचऱ्याचे डबे वेगळे असतात: कागद, पॅकिंग, ओला आणि उरलेला. काचेच्या बाटल्या रंगानुसार रस्त्यावरच्या टाक्यांत, पण रविवारी नाही. एकदाच वापरायच्या बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये परत मिळते. हे काम लेकीकडे दे, तिला फार आवडेल. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, फिल्टर नेऊ नकोस. आपल्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा पहिल्याच महिन्यात घ्या, तो स्वस्त असतो आणि इमारतीची किल्ली हरवली तरी सहसा कामी येतो; घेताना किल्ली त्यात आहे ना, ते बघा.

देवघराचं विचारलंस. लहानसा देव्हारा, समई, आजीने दिलेली एखादी वस्तू हँडबॅगेत ने, पहिल्या रात्री मांड. आमच्याकडे गणपती शाडूचा असतो, विसर्जन बाल्कनीत बादलीत, आणि ती माती कुंड्यांत जाते.

राहिला ऐरोलीचा फ्लॅट. भाड्याने दे. खाडीकाठच्या हवेत दोन पावसाळे बंद राहिलेल्या घराची काय दशा होते ते तुला माहीत आहे. दारं फुगतात, गाद्यांना वास येतो, भिंतींना पोपडे. पण माझं खरं कारण वेगळं आहे. इथे भरलेलं घर कुलपात असलं की तिथे एक कढई घेतानाही मन म्हणतं, ती घरी आहे की. मग दोन्हीकडचं घर अर्धंच राहतं. आवडीच्या चार वस्तू माहेरी किंवा सासरी एका कपाटात ठेव आणि बाकी घर मोकळं कर. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची, तेव्हा निघण्याआधी तुम्ही दोघं इथे असतानाच उरका. बँकेतलं साधं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्या, भाडं त्यात येईल. मालक अनिवासी झाला की भाडेकरूला भाड्यातून कर कापून भरावा लागतो, हे त्याला आधीच सांगा आणि सीएकडून समजून घ्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिगरभोगवटा शुल्क लावेल, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. जन्म आणि लग्नाच्या दाखल्यांच्या मूळ प्रती मात्र त्या कपाटात ठेवू नकोस, त्या विमानात तुझ्याजवळ हव्यात.