वाडा, चुना आणि ओल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी बारावीला आहे. जुने वाडे, देवळं जतन करण्याच्या कामात तिला जायचंय. वाट कोणती? (एक पालक, सातारा)

उत्तर: आधी वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी. त्यासाठी ‘नाटा’ ही प्रवेशपरीक्षा असते, बारावीला गणित हवं. नंतर वास्तुसंवर्धनाचं पदव्युत्तर शिक्षण; दिल्ली आणि भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये ते मिळतं. पण सुट्ट्यांमध्ये तिला चुन्याचं काम करणाऱ्या गवंड्याच्या हाताखाली पाठवाच. वास्तू मोजून नकाशा काढणं, भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहिणं (पट्टी तडकली, तर भिंत अजून हलतेय) हे तिथेच अंगी मुरतं. कायदाही वाचायला सांगा: केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, पुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते.

प्रश्न: आमच्या वाड्याच्या विटांच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा दोन पावसाळ्यांत फुगून पडला. पुन्हा सिमेंट करावं की चुना? (एक वाचक, वाई)

उत्तर: चुनाच. जोत्यातून चढलेली ओल चुन्यातून बाहेर सुकते. सिमेंट तिची वाट अडवतं; गिलाव्यामागे क्षार साठतात, त्यांचे स्फटिक होतात आणि पोपडे सुटतात. खरी काळजी आतल्या लाकडी खांबांची करा. ओल तिथं कोंडली की त्यांची बुडं कुजतात, आणि वरून काहीच दिसत नाही.

आधी पन्हळी आणि कौलं दुरुस्त करा, अंगणाचा उतार भिंतीपासून दूर काढा. हे राहिलं तर चुनाही टिकणार नाही. सिमेंट छिन्नीनं हलक्या हातानं काढा; ब्रेकरनं विटांच्या कडा तुटतात. मग भिंत सुकू द्या.

कळीचा चुना (भाजलेला, अजून पाणी न लागलेला) पाण्यात हळूहळू सोडून भिजवा (चुन्यावर पाणी ओतू नका, उसळतो, चष्मा आणि हातमोजे हवेतच). किमान तीन आठवडे मुरवून गाळा. एक भाग चुन्याला तीन भाग धुतलेली वाळू. खालच्या ओलसर पट्ट्यात त्यातली एक भाग वाळू कमी करून विटांची सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) घाला. भिंत आदल्या दिवशी भिजवा. एक थर 10-12 मिलिमीटरचाच, दुसरा पहिला धरल्यावर. आठवडाभर ओली गोणपाटं लावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओलावा लागतो. उन्हात भराभर सुकला की भुगा होतो. म्हणून काम दिवाळीनंतर काढा, वैशाखात नको. लवकर धरावा म्हणून गवंडी मूठभर सिमेंट घालू पाहतील, घालू देऊ नका. वरून ऑइल पेंट नाही, चुन्याचीच सफेदी.