पतसंस्थेवर अफवा उठली तर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

निपाणी-चिकोडी भागातल्या पतसंस्थेच्या जनसंपर्काचं काम तू अंगावर घेतलंस. तिथला ठेवीदार कुणी मराठी, कुणी कन्नड, पुष्कळसे दोन्ही बोलणारे. ‘संस्था बुडाली’ एवढ्या एका मेसेजनं दुपारपर्यंत काउंटरपुढे रांग लागू शकते. तशी वेळ आली तर काय करायचं, ते लिहितो.

मेसेज हाती आला की आधी त्यावरची खूण बघ. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण असेल तर तो निदान पाच हातांतून पुढे आलेला आहे. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो खरा, पण तोवर तो तालुकाभर पोचलेला असतो. तेव्हा ग्रुपांमागे धावू नकोस. एकच बाण असेल तर ग्रुपच्या अ‍ॅडमिनला फोन करून बघ, बहुधा उपयोग होतो. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट मात्र दोन्ही वेळी ठेव. पोलिसांत तक्रार द्यायची झाली तर तो लागेल.

मग शाखाधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचार: रोख किती आहे, मोठी रक्कम कुणी मागितली आहे का, आणि मेसेजात काही खरं आहे का. तिसरा प्रश्न विचारायला संकोचू नकोस. सकाळी ‘सगळं खोटं’ म्हणालीस आणि संध्याकाळी त्यातलं अर्धं खरं निघालं, तर पुढचा खरा खुलासाही कुणी मानणार नाही.

खुलासा चार वाक्यांचा पुरे. ‘आज सकाळपासून संस्थेबद्दल एक मेसेज फिरतो आहे. आमच्या सर्व शाखा सुरू आहेत व मागणीप्रमाणे पैसे दिले जात आहेत. जादा काउंटर उघडला आहे. पुढची माहिती दुपारी ३ वाजता इथेच देऊ.’ दुसरं वाक्य खरं असेल तरच घालायचं. आणि ३ म्हटलं की ३ वाजता लिहायचंच, नवं काही नसलं तरी. नुसतं ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ म्हणून भागत नाही, कारण घाबरलेल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. मूळ मेसेजचं चित्र ‘खोटं’ असा लाल शिक्का मारूनही परत टाकू नकोस. शिक्का कापून तेच चित्र पुन्हा फिरतं.

‘ठेवींना विमा आहे असं टाक’, असा आग्रह एखादा संचालक धरेल. ऐकू नकोस. ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, नागरी सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्था आणि सौहार्द संस्था (कर्नाटकातल्या सौहार्द कायद्याखालच्या सहकारी संस्था) त्यात येत नाहीत. आकडाच द्यायचा तर लेखापरीक्षण अहवालातला दे, वर्षासकट.

मराठी आणि कन्नड मजकूर एकाच वेळी गेला पाहिजे. एक आधी आणि दुसरा तासानं गेला, तर पैशाचा प्रश्न बाजूला पडून भाषेचा वाद पेटतो. कन्नड मजकूर यंत्राकडून करून घेऊ नकोस, ज्याची ती घरची भाषा आहे अशा सहकाऱ्याकडून त्याचा साचा आजच लिहून घे. कॉमेंटमध्ये सीमाप्रश्न निघाला तर त्यात पडायचं नाही. ठेवीबद्दल विचारलं असेल तिथं उत्तर द्यायचं, पण खातेक्रमांक उघड्यावर कधीही मागायचा नाही. अशा दिवशी खोटे ‘कस्टमर केअर’ नंबर उगवतात, म्हणून संस्थेचा नंबर प्रत्येक पोस्टवर हवा. कुणी फसलाच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायला सांग.

श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवलास तर तो अगम्य दिसेल, तेव्हा युनिकोडच वापर. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. तो नंबर पासबुकावर छापून घे. ठेवीदारांचा ग्रुप करू नकोस, सगळ्यांचे नंबर एकमेकांना दिसतात. सरसकट एसएमएस पाठवायचे तर मजकुराचा साचा डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर) आधी मंजूर असावा लागतो, तो ऐनवेळी होत नाही. देवनागरी असो की कन्नड, एक एसएमएस ७० अक्षरांचा, आणि काना-मात्रासुद्धा त्यात मोजतात.

सगळ्यात मोठी चूक होते ती पिग्मी एजंटांना, म्हणजे दारोदार जाऊन रोजची छोटी ठेव गोळा करणाऱ्यांना, विसरण्याची. लोक फेसबुक नंतर बघतात, दारात येणाऱ्या एजंटाला आधी विचारतात. तो ‘मलाही काही माहीत नाही’ म्हणाला की तुझ्या पोस्टला किंमत उरत नाही. म्हणून खुलासा पेजवर टाकण्याच्या दहा मिनिटं आधी त्यांना पाठव, आणि कुठे नेट मिळालं नाही तर फोनवर वाचून दाखव. जुन्या ठेवीदारांसाठी शाखाधिकाऱ्यांच्या ओळखीच्या आवाजात अर्ध्या मिनिटाची ऑडिओ क्लिपही कर.

रांगेचा फोटो निघणारच. सावलीत खुर्च्या, टोकन आणि पिण्याचं पाणी ठेवायला शाखेला सांग, कारण उन्हात ढकलाढकली करणाऱ्या माणसांचा फोटो हीच पुढची अफवा असते.

आणि संस्थेचं फेसबुक पेज कुणाच्या खात्यावरून चालतं, ते याच आठवड्यात तपास. नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या पोराच्या खात्यावर असेल तर ऐनवेळी कुलूप उघडायला कुणी सापडणार नाही. दोन अ‍ॅडमिन नेम, आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो ते कागदावर लिहून शाखेच्या कपाटात ठेव.

कळावे.
तुझा काका