वाचकांचे प्रश्न: इंजिनातून तेल गळतंय, रिपेअर करू की गाडी विकू?

प्रश्न: नमस्कार. आमच्याकडे २००९ची छोटी पेट्रोल गाडी आहे, आधी सासरे वापरायचे मग आमच्याकडे आली, रनिंग १ लाख १२ हजार. आम्ही वाईत राहतो, त्यामुळे बाजार, मुलांची शाळा आणि महिन्यातून दोन-तीनदा पुणे एवढंच चालते. गेल्या दिवाळीपासून पार्किंगमध्ये तेलाचे थेंब दिसायला लागले, आता रोज सकाळी पाच-सहा डाग असतात. मेकॅनिकने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला क्रँकचं (इंजिनमधल्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, उतरवतोच आहे तर हाफ इंजिन (पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलणं) करून टाकू, ३५ हजार धरून चला. रीपासिंग (पंधरा वर्षांनंतर रजिस्ट्रेशन पुढे पाच वर्षं वाढवणं) २०२४मध्ये केलंय. मिसेस म्हणते एवढे पैसे घालण्यापेक्षा विका, सासरे म्हणतात तेल टाकत राहायचं, काही होत नाही. काय करावं?
– एक वाचक, वाई

उत्तर: गाडीचं नाव तुम्ही कळवलं होतंत पण मुद्दाम छापत नाहीये, कारण पंधरा-सोळा वर्षांत हे कुठल्याही कंपनीच्या गाडीला होऊ शकतं. इंजिनच्या उष्णतेने रबराची सीलं आणि पॅकिंग कडक होतात, चिरतात, आणि तेल बाहेर यायला लागतं.

३५ हजारांचा आकडा सध्या बाजूला ठेवा. तेल किती जातंय आणि कुठून जातंय हे दोन्ही आधी कळायला पाहिजे, आणि या दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. भरपूर गळणारं तेल कधीकधी काहीशे रुपयांच्या पॅकिंगमधून येतं, आणि जेमतेम ओलसर दिसणारी जागा गिअरबॉक्स खाली घ्यायला लावते. पार्ट दोन्हीकडे स्वस्तच असतो, पैसे लागतात ते तिथपर्यंत हात पोचायला.

किती जातंय ते डाग बघून ठरवू नका. एक मिलीलिटर म्हणजे साधारण वीस थेंब, म्हणजे रात्रीत दहा थेंब पडले तरी महिन्याला पंधरा मिली, पण फरशीवर तेच एवढं पसरतं की माणूस घाबरतो. अर्थात चालत्या गाडीत तेल गरम होऊन पातळ झालेलं असतं आणि सगळीकडे फिरत असतं, त्यामुळे खरी गळती रस्त्यावर होते, ती तुम्हाला दिसतच नाही. म्हणून डिपस्टिक. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर, स्टिक पुसून परत घालून बघायची. आज फुल मार्कपर्यंत तेल भरा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि हजार किलोमीटर झाल्यावर परत फुलपर्यंत यायला किती टाकावं लागलं ते मोजा, पण मधे दर आठवड्याला बघत राहा, हजार व्हायची वाट बघत लो मार्कच्या खाली जाऊ देऊ नका.

समजा हजाराला २०० मिली लागलं. तुमचं रनिंग वर्षाला सात हजार धरलं तर १४०० मिली, ५०० रुपये लिटरने ७०० रुपये. या हिशोबाने ३५ हजार वसूल व्हायला पन्नास वर्षं लागतील आणि तुमचं पासिंग २०२९ला संपतंय! पण हजाराला लिटरभर लागत असेल तर मात्र गाडी बाजूला घेऊनच बोलायला लागेल, आणि त्यातलं किती गळतंय आणि किती जळतंय (सायलेन्सरमधून निळसर धूर) हेही बघायला लागेल.

आता कुठून. इथे मला तुमच्या मेकॅनिकचं घाईचं वाटतंय. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडताना दिसला की 'मागचं सील' म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे, पण तेल वरून खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे सगळ्यात खालची ओली जागा काहीच सांगत नाही, सगळ्यात वरची ओली जागा शोधायची असते. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून आलेलं तेल बरोबर गिअरबॉक्सवर उतरतं आणि सील गेल्यासारखंच दिसतं. जुन्या गाड्यांत हेडच्या टोकाला डिस्ट्रिब्युटर किंवा सेन्सर बसतो, त्याची ओ-रिंग (रबराची गोल रिंग) गेली तरी तेच. ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची रिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, चेंबरचा (इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचा) जोड, हे सगळं बघून झाल्याशिवाय मागच्या सीलचं नाव घ्यायचं नाही.

तपासायचं असं: इंजिन थंड असताना डिग्रीझरने स्वच्छ करून घ्या. डिझेल मारून धुतात ते नको, रबराच्या पाइपांना ते चांगलं नाही, आणि प्रेशरचं पाणी अल्टरनेटर-वायरिंगवर जाऊ देऊ नका. सुकलं की संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर फुंकरा, पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पावडरवर तेलाची वाट स्पष्ट उमटते. मेकॅनिकसमोर बसूनच करा, म्हणजे वाद राहत नाही.

आणि समजा खरंच मागचंच सील निघालं, तरी बहुतेक छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत त्यासाठी गिअरबॉक्स उतरवतात, इंजिन नाही. त्या कामाबरोबर करायचंच असेल तर क्लच प्लेट बघा, कारण मजुरी तीच असते आणि क्लच कधीतरी बदलावा लागणारच आहे. हाफ इंजिनचा याच्याशी संबंध नाही. पिस्टन, रिंगा, बेअरिंग हे काम कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी असेल तर, ऑइल प्रेशर पडत असेल तर. तपासलंय का कुणी? कॉम्प्रेशन टेस्टला फार वेळ लागत नाही, सगळ्या सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा, एखादा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर पुढची चर्चा.

एक गोष्ट मात्र सीलला हात लावायच्या आधीच बघायची, ती म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनच्या पोटात साचणारा गॅस बाहेर काढायची ती वाट. ती काजळीने तुंबली की आत प्रेशर वाढतं आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकललं जातं, मग तुम्ही नवीन सील टाका, तेही काही महिन्यांत गळणार. व्हॉल्व्ह काढून हलवला की खुळखुळला पाहिजे, नाही वाजला तर बदला, महाग नसतो. दुसरं म्हणजे इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण उघडून बघा (शिंतोडे उडतात, चेहरा लांब). थोडी वाफ आली तर ठीक, पण भकाभक धूर मारत असेल तर रिंगा झिजल्यात, आणि तेव्हा मेकॅनिकचं हाफ इंजिन एकदम बरोबर ठरतं. अशा गाडीवर मी तरी खर्च करणार नाही, तिथे मिसेसचं ऐका.

सासऱ्यांचं म्हणणं एका अटीवर मान्य, तेल टाकत राहायचं तर बघतही राहायचं. गळतीने इंजिन मरत नाही, लेव्हल कुणी बघितली नाही म्हणून मरतं. तुम्ही पुण्याला खंबाटकीतून जाता, तेल कमी असताना चढावर आणि वळणावर ते चेंबरमध्ये एका बाजूला सरकतं, ऑइल पंप हवा ओढतो आणि लाल दिवा लुकलुकतो. तो दिवा लेव्हलचा नाही, प्रेशरचा आहे. तो लागला की गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद, 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' वगैरे नाही.

थांबायचंच नाही अशाही काही जागा आहेत. तेल एक्झॉस्टवर पडत असेल, जळका वास किंवा बॉनेटमधून धूर येत असेल तर आग लागू शकते, काम लगेच करा. टायमिंग बेल्टवर पडत असेल तर लगेच. क्लच घसरायला लागला असेल तर लगेच. स्पार्क प्लगच्या खड्ड्यात तेल साचून गाडी मिसिंग करत (झटके खात) असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलून घ्या, फक्त कव्हरचे नट जीव खाऊन आवळू देऊ नका, कव्हर वाकलं की नवीन पॅकिंगही गळतं.

म्हणजे तुमच्या बाबतीत माझं मत: धुऊन, पावडर टाकून तपासा, पीसीव्ही बघा, वरची स्वस्तातली पॅकिंगं बदला आणि हजार किलोमीटर मोजा. शेवटी मागचं सीलच निघालं आणि लेव्हल फार पडत नसेल तर क्लच करायची वेळ येईपर्यंत तसंच चालवा. विकायचं डोक्यात असेल तर २०२९पर्यंतचं पासिंग ही तुमची जमेची बाजू आहे (एप्रिल २०२२मध्ये कारच्या रीपासिंगची फी ६००ची ५००० झाली होती, घेणाऱ्यालाही ते माहीत असतं). मात्र इंजिन चकचकीत धुऊन गळती लपवून विकू नका, सांगून विका. आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद वगैरे तुम्ही ऐकलं असेल तर तो दिल्ली-एनसीआरचा विषय आहे, वाईचा नाही.

प्रश्न: लीकेज थांबवायचं लिक्विड बाजारात मिळतं, तेलात टाकायचं. खरंच चालतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: कधीकधी. त्यातली बरीचशी लिक्विड कडक झालेलं रबर थोडं फुगवून मऊ करतात, त्यामुळे सील नुसतं पाझरत असेल तर काही महिने फरक पडतो. चिरलेलं पॅकिंग, सीलंटचा सुटलेला जोड, वाकलेलं कव्हर यावर काही उपयोग नाही. बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त टाकू नका. गळतंय म्हणून १०डब्ल्यू-३०च्या जागी एकदम २०डब्ल्यू-५० (म्हणजे जास्त जाड ग्रेडचं तेल) टाकणारेही आहेत, थेंब कमी होतात खरे, पण सकाळच्या पहिल्या स्टार्टला जाड तेल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो. मॅन्युअलमध्ये जे ग्रेड चालतात म्हणून दिलेत त्यातलं जाड घ्या, त्याच्या बाहेर नको.

प्रश्न: गाडीखाली पाणी आणि तेल दोन्ही दिसतं, ओळखायचं कसं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: रात्री पांढरा पुठ्ठा टाकून ठेवा. साधं स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, सोडून द्या. हिरवं किंवा गुलाबी म्हणजे कूलंट, काळपट-तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल, जाड आणि उग्र गंधकी वासाचं म्हणजे गिअर ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, बुळबुळीत, फिकट पिवळसर थेंब दिसले तर ते ब्रेक ऑइल असू शकतं, तेव्हा गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.