सात सरोवरांची वाट

प्रश्न : पुढच्या जुलैत आम्ही दोघे म्युनिकला मुलाकडे जाणार आहोत. तिथून स्लोव्हेनियातील त्रिग्लाव्ह राष्ट्रीय उद्यानात जाऊन सात सरोवरांची दरी पाहण्याची इच्छा आहे. माझे वय ६१, यजमानांचे ६५. महिन्यातून दोनदा आम्ही सिंहगड चढतो. आम्हाला हे जमेल का, कोणत्या वाटेने जावे आणि सरोवरात उतरता येते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्हाला हे नक्की जमेल, मात्र वाटेची निवड विचारपूर्वक करावी. स्लोव्हेनिया शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे जर्मनीसाठी काढलेल्या शेंगेन व्हिसावर तिथे जाता येते.

मुक्काम बोहिन सरोवराकाठी, रिब्चेव लाझ या गावात करावा. सुमारे चार किलोमीटर लांबीच्या या सरोवराचे पाणी इतके नितळ आहे की, गावातल्या दगडी पुलाच्या कठड्याशी उभे राहिले की तळाचे गोटे आणि प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी शेपटी हलवणारे मासे स्पष्ट दिसतात. पहिला दिवस इथेच घालवावा, म्हणजे पायही मोकळे होतात.

सात सरोवरांकडे जाण्यासाठी बहुतेक जण सावित्सा धबधब्याजवळून कोमार्चाच्या कड्यावरून जाणारी वाट सुचवतात, कारण ती जवळची आहे. सातांपैकी सर्वांत खालच्या काळ्या सरोवरापर्यंत साधारण साडेसहाशे मीटर चढ आहे, म्हणजे आकडा सिंहगड चढणाऱ्याला घाबरवणारा नाही. पण ही वाट उभ्या कड्यातून जाते, जागोजागी पोलादी दोर धरून चढावे लागते आणि पाऊस पडला की चुनखडीचा दगड कमालीचा निसरडा होतो. या वाटेने तुम्ही जाऊ नये, आणि उतरण्यासाठी तर मुळीच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी गाडीने प्लानिना ब्लातो या डोंगरावरच्या कुरणापर्यंत जावे. तिथून तासाभरात प्लानिना प्रि येझेरू हे तळ्याकाठचे गुरांचे कुरण लागते, आणि पुढे गवताळ पठारे व खडकाळ खिंड ओलांडून दरीतल्या १६८५ मीटर उंचीवरील, गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या निवाऱ्याशी पोहोचता येते. तुमच्या चालीने पाच-साडेपाच तास धरावेत. लाल वर्तुळात पांढरा ठिपका ही तिथली वाटेची खूण आहे. बराच वेळ ती दिसली नाही, तर शेवटच्या खुणेपर्यंत परत यावे. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह वादळे होतात, म्हणून पहाटेच निघावे. चुनखडीत पाणी झिरपून जात असल्याने वाटेत झरे फारसे मिळत नाहीत. प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी जवळ असू द्यावे. उद्यानात तंबू लावण्यास मनाई आहे, त्यामुळे निवाऱ्यातली जागा आधी राखून ठेवावी आणि झोपण्यासाठी पातळ चादरीची पिशवी सोबत न्यावी. तुम्ही शाकाहारी असाल, तर सातूची ‘रिचेत’ ही दाट आमटी मागवण्यापूर्वी चौकशी करावी. तिच्यात बहुधा डुकराचे मांस असते. कुट्टूच्या पिठाच्या ‘झ्गान्त्सी’ आंबट दुधाबरोबर मिळाल्या, तर आपल्या उकडीची आठवण येईल. मात्र त्यांवर चरबी घालू नये, असे आधीच सांगावे.

आता पाण्यात उतरण्याविषयी. बोहिनमध्ये खुशाल पोहावे. वरच्या सरोवरांत मात्र पोहण्यास बंदी आहे, आणि ती मनापासून पाळावी. ही सरोवरे लहान आहेत, त्यांच्यातून पाणी ओढ्यावाटे वाहून जात नाही, आणि अंगावरचे उन्हाचे मलम व घाम त्यात मिसळला तरी शेवाळाला खाद्य मिळते. निवाऱ्याशेजारच्या जुळ्या सरोवरात माणसांनी मासे सोडले. त्यांनी पाण्यातले शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव फस्त केले आणि एके काळचे स्वच्छ पाणी शेवाळाने हिरवे होऊ लागले. तेव्हा तिथे काठावर बसावे, डबा खावा, पण हातपाय किंवा ताटली पाण्यात धुऊ नये.

परतताना त्याच वाटेने ब्लातोला उतरावे. गुडघ्यांसाठी दोन काठ्या न्याव्यात, आणि अडचण आल्यास ११२ हा क्रमांक फिरवावा.